रेंज नसलेल्या वाड्यांत झरे नोंदवायचे, तर फोनमध्ये कुठला नकाशा न्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या तीसेक वाड्यांमधले झरे आणि विहिरी नोंदवायच्या आहेत. सहा मुलंमुली फिरणार, प्रत्येकाकडे आपापला अँड्रॉइड फोन, आणि निम्म्या ठिकाणी रेंजचा पत्ता नाही. गुगल मॅपचा तेवढा भाग डाउनलोड करून ठेवला तर भागेल का, नसेल तर कुठलं अ‍ॅप घ्यावं, आणि गावचा गट नकाशा त्यात बसवता येईल का?

गुगलवर भागणार नाही. त्याचा ऑफलाइन भाग तुम्हाला मेढ्यापर्यंत, फार तर बामणोलीपर्यंत नेईल. डांबर संपलं की त्याचं काम संपलं. नेट नसताना त्यात सॅटेलाइटचं चित्र दिसत नाही, पायवाटेचा रस्ता तो सांगत नाही आणि नोंदीचा फॉर्म तर त्यात नाहीच. तरी तो भाग उतरवून ठेवा, जीपवाल्याला दाखवायला बरा पडतो.

मी गेली सतरा-अठरा वर्षं पाणलोटाच्या कामात आहे, निम्मी माणमध्ये आणि निम्मी कोयनेच्या खोऱ्यात. माणमध्ये उघडं माळरान, डोक्यावर सगळं आभाळ मोकळं. तिथे कुठलंही अ‍ॅप चालतं आणि आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं. तीच टोळी घेऊन शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडे गेलं की एका दिवसात जमिनीवर येतो माणूस. तुमचं सगळं काम घाटमाथ्याच्या बाजूला आहे, म्हणून मी त्याच बाजूचं सांगते.

आधी एक घोळ मिटवू. फोनला आपली जागा कळायला नेट लागत नाही. उपग्रहांचा सिग्नल वरून येतो, फोन तो नुसता ऐकतो. नेट लागतं ते दोन गोष्टींना: पाठीमागचं चित्र आणायला, आणि सुरुवातीला उपग्रह कुठे आहेत हे चटकन कळायला. ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि तिथेच सगळे अडकतात. प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठे आहोत याची माहिती सतत प्रसारित करत असतो, ती पूर्ण ऐकायला सलग ३० सेकंद लागतात. रेंज असली की फोन तीच माहिती नेटवरून क्षणात उचलतो. रेंज नसली की त्याला आभाळाकडे कान लावून बसावं लागतं, आणि दरीत डोंगराआड किंवा झाडाखाली सिग्नल मध्येच तुटला की ती ३० सेकंदं पहिल्यापासून. म्हणून पोरं म्हणतात, 'मॅडम, जीपीएस बंद पडलंय.' बंद पडलेलं नसतं, त्याला अजून सापडलेलं नसतं. उपाय सोपा आहे. जिथे शेवटची रेंज आहे तिथे, म्हणजे घाट उतरायच्या आधी किंवा लाँचमध्ये चढायच्या आधी, अ‍ॅप उघडून मोकळ्यावर दोन मिनिटं उभं राहायचं, जागा पक्की झाली की पुढे निघायचं. ती माहिती साधारण दोन ते चार तास कामाला येते.

हे न केल्याने काय होतं ते मी पाहिलंय. आमचा एक मुलगा, अतिशय कष्टाळू, बामणोलीहून पलीकडे गेला आणि दोन दिवसांनी सात झऱ्यांची नोंद घेऊन आला. फोटो सुरेख. पाण्याची धार बाटली भरायला किती सेकंद लागले ते मोजलेलं, म्हशी किती पितात ते लिहिलेलं. लॅपटॉपवर उघडलं तर नकाशावर एकच ठिपका. मला वाटलं सहा नोंदी कुठे गळल्या. ठिपक्यावर क्लिक केलं तर त्याच्या पोटात सातही नोंदी, आणि ठिपका होता लाँचच्या धक्क्यावर. खाली दरीत फोनला जागा सापडत नव्हती, अ‍ॅपने शेवटची माहीत असलेली जागा पुढे केली, आणि पोराने 'सेव्ह' दाबलं. आम्ही फॉर्ममध्ये अचूकतेचा रकाना ठेवलेला नव्हता, त्यामुळे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद होतं, म्हणून फोटोतूनही काही निघेना. बिचारा परत गेला. चूक माझी होती, पाय त्याचे दुखले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फॉर्ममध्ये अचूकता किती मीटर आणि जागा घेतल्याची वेळ हे दोन रकाने आपोआप भरणारे असतात, आणि आकडा १० मीटरच्या खाली आल्याशिवाय नोंद घ्यायची नाही असा दंडक असतो. मोकळ्या माळावर चांगला फोन तीन ते पाच मीटरवर येतो. झऱ्याचं दुखणं असं की तो नेमका घळीच्या तळाला, उंबर-जांभळाच्या सावलीत असतो. फोनला आभाळाची एक पट्टी दिसते, आणि कातळावर आपटून आलेले सिग्नल त्याला आणखी फसवतात. तिथे दहा-दहा मिनिटं उभं राहूनही आकडा २५ च्या खाली येत नाही. मग हट्ट धरू नका. वर मोकळ्या जागेत या, तिथली जागा पक्की घ्या, आणि शेऱ्यात लिहा: 'झरा इथून ओढ्याच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे ४० पावलं.' कागदी काळातली पद्धत आहे ही, पण पुढच्या वर्षी त्याच झऱ्यावर दुसरा माणूस जाऊन उभा राहू शकतो.

आता अ‍ॅप. पोचायला एक आणि नोंदायला एक, अशी दोन घ्या. पोचण्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोकळ्या नकाशाची, माहिती वापरतात, महाराष्ट्र एकदा उतरवला की नेटशिवाय चालतात, पायवाटा दाखवतात. ऑर्गॅनिक मॅप्स साधं आहे, नवख्याला अर्ध्या तासात येतं. ऑसमअँडमध्ये समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) वगैरे बरंच काही आहे, पण मेनूचं जंगल आहे, आणि फुकटच्या आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे. मी मुलांना ऑर्गॅनिक देते आणि स्वतः ऑसमअँड वापरते.

नोंदीसाठी कोबोकलेक्ट (किंवा ते ज्यावर बेतलंय ते ओडीके कलेक्ट) आणि क्यूफील्ड यांतून एक निवडा. कोबो हे आधी फॉर्म आणि मग नकाशा. क्यूफील्ड आधी नकाशा आणि मग फॉर्म. प्रश्न पंचवीस-तीस असतील, घरोघरची माहिती असेल, तर कोबो. तुमच्या कामाला मी क्यूफील्ड म्हणेन, आणि त्याचं कारण एकच आहे. डोंगराच्या सोंडेवर एक झरा असतो, तो वरच्या वाडीतले आपला म्हणतात आणि खालच्या वाडीतलेही आपला म्हणतात, दोघांकडे त्याला नावं वेगळी. दोन मुलं दोन दिवशी तोच झरा दोनदा लिहून आणतात. क्यूफील्डमध्ये आधीचे सगळे ठिपके समोर दिसतात, त्यामुळे तिथल्या तिथे शंका येते. शिवाय अनेक वाचनांची सरासरी घेऊन जागा नोंदवायची सोय त्यात आहे. अट एवढीच की तुमच्यापैकी एकाला तरी कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर बऱ्यापैकी यायला हवं, कारण सगळी तयारी तिथे होते. तसं कुणीच नसेल तर निमूटपणे कोबो घ्या. चांगलं अ‍ॅप अर्धवट येण्यापेक्षा साधं पुरतं आलेलं परवडतं. कोबो-ओडीकेमध्येही एमबीटाइल्सची (नकाशाचे चित्र-चौकोन एकत्र बांधलेली) फाइल टाकून ऑफलाइन नकाशा पाठीमागे लावता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पाठीमागचं चित्र कुठलं न्यायचं यावर सगळ्यांचा पहिला जीव सॅटेलाइटवर जातो. त्याचं गणित आधी मांडून बघा. ऑफलाइन नकाशा म्हणजे लहान लहान चौकोनांचा ढीग, आणि झूम एक पायरी वाढवला की चौकोन चौपट. आपल्या अक्षांशावर झूम १७ चा चौकोन साधारण २९० मीटरचा पडतो. १० किलोमीटर लांब-रुंद तुकड्याला असे बाराशे चौकोन लागतात; झूम १८ ला पावणेपाच हजार, १९ ला एकोणीस हजारांच्या घरात. एक चौकोन सरासरी २० केबीचा धरला तर १८ पर्यंतचा सगळा ढीग सव्वाशे एमबी होतो आणि १९ घेतला की तोच पाचशेवर जातो. हौसेने कुणी पूर्ण सातारा जिल्हा, म्हणजे १०,४८० चौरस किलोमीटर, झूम १८ ला मागितला तर पाच लाख चौकोन आणि दहा जीबीच्या वर. ३२ जीबीच्या फोनमध्ये आधीच लग्नाचे व्हिडिओ भरलेले असतात. तिथे हे बसणार नाही. म्हणून झूम १५ पर्यंत सगळा भाग, आणि १८ फक्त वाडी आणि तिच्या आसपासच्या तुकड्यापुरता.

परवानगीचंही बघा. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मोकळी आहे, पण त्यांच्या सर्व्हरवरून तयार चौकोन घाऊक उतरवायला त्यांची मनाई आहे. माहिती उतरवा (जिओफॅब्रिकच्या साइटवर भारताचा पश्चिम विभाग वेगळा मिळतो) आणि क्यूजीआयएसमध्ये स्वतःच एमबीटाइल्स बनवा. गुगलचं सॅटेलाइट चित्र उतरवून साठवणंही त्यांच्या अटींत बसत नाही, कितीही यूट्यूबवाले शिकवोत. मोकळं हवं असेल तर युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ ची चित्रं आहेत. त्यात एक ठिपका १० मीटरचा. बांध दिसणार नाही, पण रान कुठे, सडा (उघडा कातळ) कुठे, पाणी कुठवर हे छान दिसतं.

माझ्या मते या भागात सॅटेलाइटपेक्षा समोच्च रेषा जास्त कामाच्या. पावसाळ्यानंतरच्या चित्रात सगळं हिरवं हिरवं असतं, घळ आणि सोंड यांत फरक कळत नाही. रेषांमध्ये घळ लगेच ओळखू येते, आणि झरा घळीतच शोधायचा असतो. ३० मीटरचं उंचीचं मॉडेल फुकट मिळतं. त्यावरून क्यूजीआयएसमध्ये रेषा काढा, वर ओढे घाला, डोंगराची हलकी सावली द्या. सगळं मिळून काही एमबी. भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची पत्रकंही हाताशी ठेवा. तुमचा भाग पत्रकांच्या जुन्या क्रमांकांत ४७ जी मध्ये येतो, कराड गेलं ४७ के मध्ये. एक सावधगिरी: जुन्या स्कॅन केलेल्या पत्रकांचा पाया एव्हरेस्ट डेटमचा (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात ती चौकट) आहे आणि फोनचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. ते न बदलता तसंच बसवलं तर आपल्याकडे सगळा नकाशा शंभर ते दीडशे मीटर सरकतो. ओढ्याच्या अलीकडची विहीर पलीकडे जाते आणि मुलं म्हणतात जीपीएस खोटं बोलतंय. लांबी-क्षेत्रफळ मोजायचं असेल तर प्रोजेक्ट यूटीएमच्या (अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) ४३ उत्तर विभागात ठेवा, कोड ३२६४३. सातारा-सांगली दोन्ही त्यात येतात.

इतकं करूनही नकाशावर मोठमोठ्या पांढऱ्या जागा राहतात, कारण मुरे (डोंगरावरच्या छोट्या वस्त्या), धनगरवाडे, देवराया यांची नावं कुठल्याच नकाशात नीट नाहीत. ती आपण भरायची. मी पहिल्या फेरीत फोन काढतच नाही. ए-थ्री कागदावर ओढे आणि समोच्च रेषा छापून नेते आणि देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसते. अशाच एका वाडीत एक आजी बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. म्हणाल्या, 'हे काय दावतीस? ह्यात नदी कुनीकडं हाय?' मी उत्तर वर धरून बसले होते, शाळेत शिकवतात तशी. कागद फिरवला, कोयनेचं पाणी त्यांच्या पायाकडे आणि डोंगर समोर आणला. मग त्यांनी बटव्यातले चिंचोके काढले आणि एकेक ठेवत गेल्या. हा देवाचा, हा म्हशीचा, हा होळीच्या माळाखालचा. पाचवा ठेवताना थांबल्या, बोटाने थोडा वर सरकवला. 'ह्यो वैशाखातबी तुटत न्हाई. पन हितं तुमची पोरं जायाची न्हाईत, लई अडचन हाय.' त्या पाचांतले दोन कुठल्याच कागदावर नव्हते. आम्ही प्रत्येक चिंचोक्याभोवती पेन्सिलने गोल काढला आणि दुसऱ्या दिवशी तेच गोल फोनमधल्या नकाशात 'इथे शोधा' म्हणून घातले. चार वेळा तरी असं झालंय की गोल प्रत्यक्ष जागेपासून शंभर मीटरच्या आत निघाला.

गावांच्या नावांचा आणखी एक गुंता कोयनेच्या भागात आहे. धरण झाल्यावर कितीतरी गावं उठली. काही वर सरकली, काहींचं पुनर्वसन दूर दुसऱ्या जिल्ह्यांत झालं, आणि नावं तीच राहिली. नाव टाकून शोधलं की अ‍ॅप तुम्हाला भलत्याच जिल्ह्यात नेऊन सोडतं. जुन्या पत्रकांवर तर पाण्याखाली गेलेली गावं ठसठशीत छापलेली आहेत. त्यात जावळीत 'तर्फ कुडाळ', 'तर्फ मेढा' अशी शेपटी लावलेली सारख्या नावांची गावं, आणि मुलं शेपटी लिहीत नाहीत. फॉर्ममध्ये गावाचं नाव हाताने लिहायला ठेवूच नका. २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी कोड यादीतून निवडायला द्या, वाडीचं नाव तेवढं लिहू द्या.

मराठी अक्षरांबद्दल एक. वेक्टर पद्धतीच्या, म्हणजे रेषा आणि अक्षरं फोनवरच काढल्या जाणाऱ्या, नकाशांच्या बऱ्याच अ‍ॅपांत देवनागरीची जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. 'किल्ला' वाचता येत नाही, 'म्हसवड'चा पाय मोडतो. क्यूफील्डमध्ये हा त्रास मला झालेला नाही, आणि एमबीटाइल्समध्ये अक्षरं चित्रातच छापलेली असल्याने तिथेही प्रश्न येत नाही. कुणी तुमच्यासाठी वेगळं अ‍ॅप बनवून देणार असेल, तर त्याच्याकडून आधी आपल्याच दहा गावांची नावं मराठीत उमटवून घ्या आणि मग पैशाचं बोला.

आता गट नकाशा. बसवता येतो. महाभूनकाशावरून किंवा भूमी अभिलेखातून नकाशा घ्यायचा, तिठा, ओढ्यांचा संगम, जुनी विहीर, शिवेचा दगड अशा सात-आठ खुणा प्रत्यक्ष जाऊन फोनवर नोंदवायच्या, आणि क्यूजीआयएसमध्ये त्यांवर नकाशा ताणून बसवायचा. खुणा गावठाणात गोळा केल्या तर गावठाण बरोबर बसतं आणि शिवार भरकटतं, तेव्हा चारही शिवांवर हिंडा. डोंगराळ गावांत इतकं करूनही दहा-पंधरा मीटरचा फरक राहतोच. विहीर कुठल्या गटात पडते याचा अंदाज यायला तो चालतो.

पण मुलांच्या फोनमध्ये गटाच्या रेषा देऊ नका, हे मी कळवळून सांगते. पाटणकडच्या एका गावात आमच्या मुलीच्या फोनवर पिवळ्या रेषा दिसत होत्या. ती विहिरीचा फोटो काढत होती, एकाने डोकावून पाहिलं, 'हे आमच्या गटाचं हाय का?' दहा मिनिटांत पंधरा माणसं जमली. ज्याची रेषा शेजाऱ्याच्या शेतात दोन कासरे सरकलेली दिसत होती तो खूश, आणि ज्याच्या ओटीतून ती गेली होती तो काठी शोधायला लागला. सर्वेक्षण तिथेच थांबलं, दुसऱ्या दिवशी तलाठ्यांचा फोन. गुंठ्याचा हिशेब लक्षात ठेवा: ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बाजू १० मीटर. फोनची चूक पाच मीटरची धरली तरी अर्धी बाजू गेली, आणि नकाशा बसवण्यातली चूक आणखी वेगळी. बांधाचं ठरवणं हे मोजणीवाल्यांचं काम, सरकारी फी भरून आणि दोन्हीकडच्यांना नोटीस देऊन. आता आम्ही मुलांना फक्त गट नंबराचा आकडा देतो, फिक्या रंगात, रेषा नाहीत. विहीर कुठल्या गटात हे विहीरमालकाच्या सात-बाऱ्यावरून लिहायचं, आणि आकडा नुसता पडताळायला.

तयारी झाली असं वाटलं की त्याच रात्री, साताऱ्यातच, सहाही फोन मांडून बसा. फ्लाइट मोड लावा, वायफाय बंद, लोकेशन चालू. प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर आपल्या भागाच्या चारही कोपऱ्यांत जायचं आणि झूम करत करत तळाला जायचं. राखाडी चौकोन दिसला की तिथला नकाशा उतरलेला नाही. अनेकदा घरी सगळं दिसतं, कारण चित्र वायफायवरून येत असतं आणि आपल्याला वाटतं फोनमधून येतंय. मग अंगणात जाऊन एक खोटी नोंद करा, फोटोसकट. अ‍ॅप बंद करा, फोन बंद करून चालू करा, नोंद आहे का बघा. ती लॅपटॉपवर आणून उघडा. आणणं जमलं नाही तर दुसऱ्या दिवशीची जीप रद्द करा, खरंच करा. मोठ्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यापेक्षा केबलने किंवा ओटीजी पेनड्राइव्हने टाका. वेळ वाचतो आणि अर्धवट उतरलेली फाइल कुणाच्या फोनमध्ये राहत नाही.

परत आणण्यात दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलेय. क्यूफील्डची नोंद जिओपॅकेज फाइलमध्ये बसते, पण ताजी नोंद कधी कधी शेजारच्या '-वाल' शेपटीच्या फाइलमध्ये असते. प्रोजेक्ट उघडं असतानाच कुणी नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर शेवटच्या काही नोंदी मागे राहतात, आणि गंमत म्हणजे फाइल व्यवस्थित उघडते, त्यामुळे कळतही नाही. आधी प्रोजेक्ट बंद करा, मग पूर्ण फोल्डर उचला. दुसरा खड्डा मोठा. अ‍ॅप अडकलं की कुणीतरी शहाणा सल्ला देतो, 'काढून परत टाक.' नव्या अँड्रॉइडवर अ‍ॅपची माहिती त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असते, अ‍ॅप काढलं की तीही जाते. मुलांना सांगून ठेवा की काम संपेपर्यंत अ‍ॅप काढायचं नाही, अपडेटही करायचं नाही. रोज संध्याकाळी पूर्ण फोल्डर लॅपटॉपवर, तारीख आणि मुलाचं नाव घालून. सहा फोनमधली माहिती एकत्र करताना १, २, ३ हे क्रमांक एकमेकांवर आदळतात, म्हणून प्रत्येकाला आपलं अक्षर द्या: क-१, ख-१.

कुणी जुन्या कागदावरच्या जागा हाताने भरणार असेल तर अंश-मिनिटांचं बघा. १७ अंश ४० मिनिटं ३० सेकंद हे पोरं १७.४०३० असं टंकतात. खरा आकडा १७.६७५. फरक ३० किलोमीटरचा. साताऱ्याजवळची विहीर उंब्रज-पाटणच्या मध्ये कुठेतरी जाऊन पडते. दशांशानंतर पाच आकडे लिहा, पाचवा आकडा साधारण एका मीटरचा असतो. सहावा-सातवा लिहून अचूकता वाढत नाही.

बॅटरीचं फार नाही. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधून शोधूनच दमतो, त्यामुळे फ्लाइट मोडमध्ये दिवस सहज निघतो. जीपीएस त्यात चालू राहतो. पॉवर बँक दोघांत एक पुरे. बॅटरी सेव्हर मात्र लावू नका, तो चाललेल्या वाटेची नोंद मध्येच तोडतो. चुंबकाचं झाकण असलेली कव्हरं काढून टाका, होकायंत्र भरकटतं आणि 'उत्तरेकडे ४० पावलं' दक्षिणेकडे निघतात. पावसात ओल्या बोटाने स्क्रीन चालत नाही, पण तुम्ही तेव्हा जाऊच नये. एप्रिल-मेमध्ये जा. श्रावणात तिथे प्रत्येक दगडाखाली झरा असतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तीसेक वाड्यांतल्या काही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून येणार. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये तो झाला. आत जायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, त्यासाठी महिनाभर आधी अर्ज करा. हद्दीची रेषा मात्र मुलांच्या नकाशात जाड लाल रंगात घाला, गटाच्या रेषांसारखी लपवू नका. आणि परवानगीचं पत्र मेलमध्ये आहे असं नाक्यावरच्या गार्डला सांगून उपयोग नाही, तिथे मेल उघडत नाही. सहा झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या पिशवीत एक द्या, प्लॅस्टिकमध्ये घालून.